पाणी लागत नाही म्हणून आणलेलं झुडूप पाण्यानेच का मरतंय?

सोलापूरच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा: उन्हाळ्याच्या शेवटी कुंपणालगत लावायला नर्सरीतून एकाच जातीची आठ झुडपं आणली. पिशवीवर नावाची चिठ्ठी नव्हती. "बाहेरची व्हरायटी आहे, पाणी लागत नाही, फुलं भरपूर," एवढंच नर्सरीवाल्याने सांगितलं. पानं राखाडी, हाताला मखमली. पावसाळ्यात दोन-तीनदा झुडपं जांभळ्या फुलांनी झाकून गेली आणि आठवड्याभरात पुन्हा मोकळी झाली. आता ऑक्टोबरात त्यांतल्या तिघांची खालची पानं पिवळी पडून गळतायत, शेंडे माना टाकतायत. पाणी कमी पडत असेल म्हणून ठिबक रोज अर्धा तास सुरू केलं, तरी फरक नाही. मोबाइलच्या ॲपने एकदा लॅव्हेंडर, एकदा निरगुडी आणि एकदा भलतंच काही सांगितलं. झाड कोणतं आहे, आणि पाणी आणखी वाढवू का?

ताई, बाकीचं वाचण्याआधी उठून ठिबक बंद करा. आठही झाडांचं. नाव काहीही निघो, राखाडी लवदार पानांचं झुडूप, सोलापूरची काळी माती, सप्टेंबरचा पाऊस आणि त्यावर रोजचं पाणी, हे चारही एकत्र आले की मुळं गुदमरणारच. तुम्ही विचारलंय झाडाचं नाव, पण घाई आहे ती मुळांची. नाव आठ दिवसांनी कळलं तरी चालेल.

तरी नावापासूनच सुरुवात करते, कारण निगा कशी राखायची ते झाड मुळात कुठलं आहे त्यावरून कळतं.

आपल्याकडच्या बऱ्याच नर्सऱ्यांत माल आंध्रातल्या कडियमहून ट्रकने येतो. राजमहेंद्रवरमजवळचा हा सगळा पट्टाच रोपवाटिकांचा आहे. एका ट्रकमध्ये शेकडो पिशव्या असतात, उतरवताना चिठ्ठ्या राहतात कुठल्या कुठे, आणि पुढचा विक्रेता रंगावरून ओळख ठेवतो: "जांभळा सिल्व्हर", "पिवळं घंटी", "बुटकी चाफा". त्यामुळे चिठ्ठी नसणं ही फसवणूक समजू नका. ओळख आपल्यालाच पटवावी लागते, आणि तेवढी ती अवघडही नसते.

फक्त फुलाच्या रंगावरून जाऊ नका. ॲप बहुतेक वेळा तिथेच चुकतं, कारण जांभळं फूल आणि करडं पान असलेली झुडपं पुष्कळ आहेत. मी आधी चीक बघते. कात्रीने एक कोवळी फांदी तोडायची आणि कापलेल्या जागी पांढरं दूध येतं का ते पाहायचं. हातमोजे घाला, तो हात डोळ्यांना लावू नका. चीक आला तर कण्हेर, बिट्टी, रुई, तगर यांच्या बाजूला शोधायला लागा. त्यांतली कण्हेर, बिट्टी आणि रुई विषारी आहेत, म्हणून घरात लहान मूल किंवा दारात शेळी असेल तर ही तपासणी सगळ्यांत आधी. तुम्ही पानं मखमली म्हणताय, म्हणजे इथे दूध निघणार नाही असं मला वाटतं. पण बघून घ्या.

मग पेरावर पानं कशी बसली आहेत ते बघा. समोरासमोर जोडीने की एकाआड एक? लॅव्हेंडरची पानं समोरासमोर असतात, कोवळी काडी चौकोनी लागते आणि चोळलं की वास हातावर राहतो. निरगुडीचीही समोरासमोर, पण तिचं एकेक पान तीन किंवा पाच पर्णिकांचं, बोटं पसरल्यासारखं असतं आणि वास उग्र. कोरांटीची पानंही समोरासमोर. तुमच्या झाडाची पानं एकाआड एक, साधी, जेमतेम एक ते अडीच सेंटिमीटर लांब, टोकाकडे रुंद आणि देठाकडे निमुळती, देठ जवळजवळ नाहीच, आणि चोळल्यावर खास वास नाही, असं असेल तर लॅव्हेंडर आणि निरगुडी दोन्ही बाद.

आता एक फूल हातात घ्या आणि नळीच्या आत डोकावून बघा. पाच पाकळ्यांचं टोक, घंटेसारखी नळी, आतल्या खालच्या बाजूला बारीक लव आणि ठिपके. फूल दांड्यावर झुपक्याने न येता पानाच्या बेचक्यात एकेकटं. पान भिंगाखाली धरलं तर करडा रंग हा पानाचा रंगच नाही हे कळतं. फांद्या फुटलेल्या बारीक केसांचा तो थर आहे. पानावर पाण्याचा थेंब टाकून बोटाने पसरवा, खालचा हिरवा रंग वर येतो.

हे सगळं जुळलं तर तुमच्याकडे ल्युकोफायलम फ्रुटेसेन्स आहे, ज्याला बाजारात टेक्सास सेज किंवा सिल्व्हर सेज म्हणतात. तुमच्या वर्णनात एक गोष्ट अशी आहे की तिच्यामुळे मी जवळपास खात्रीने हे नाव घेते: पावसाळ्यात दोन-तीनदा एकदम फुलणं आणि लगेच ओसरणं. हवेतला दमटपणा आणि जमिनीतली ओल वाढली की हे झुडूप सगळ्या फांद्यांवर एकाच वेळी फुलतं. त्याच्या मायदेशात लोक त्याला पावसाची चाहूल देणारं झाड मानतात. वळीव, जूनचा पाऊस, मग उघडीप, मग परतीचा पाऊस, असे हप्ते आपल्याकडे पडतात आणि त्यांच्या मागोमाग फुलांचेही हप्ते येतात. ऑक्टोबरात फूल नाही म्हणून ते आजारी आहे असं समजू नका. तुमच्या झाडांचा आजार पानात आणि शेंड्यात दिसतोय.

नावात सेज असलं तरी स्वयंपाकातल्या सेजशी याचं नातं नाही. पानं चहात किंवा भाजीत घालू नका. आणि पानं समोरासमोर निघाली पण बाकी सगळं जुळलं, तरी गोंधळू नका. याच वंशात समोरासमोर पानांची एक जात आहे. निगा दोघांची एकच.

हे झुडूप मूळचं अमेरिकेतल्या टेक्सासच्या दक्षिण आणि पश्चिम भागातलं आणि त्याला लागून असलेल्या उत्तर मेक्सिकोतलं. २००५ साली टेक्सासने त्याला राज्याचं देशी झुडूप म्हणून मान्यता दिली. तिथे ते चुनखडीच्या, खडकाळ उतारांवर वाढतं. पाऊस येतो तो धो धो येतो, पण दगडगोट्यांतून झरझर निघून जातो. दुष्काळ सोसायची ताकद या झाडात आहे ती अशा जमिनीत. पानांवरची लव ऊन परतवते, पाणी उडू देत नाही. मुळांना मात्र ओलीसोबत हवाही हवी असते, कारण पाण्यात बसून राहायची वेळ त्यांच्यावर कधी आलेलीच नाही.

आता तुमच्या जागेकडे या. सोलापूरचा वर्षाचा पाऊस काही फार नाही, पण त्यातला सगळ्यांत जोरकस सप्टेंबरमध्ये पडतो. जमीन काळी असेल तर ती पाणी पिऊन फुगते, मातीतल्या फटी मिटतात आणि हवा जायला वाट राहत नाही. चुना हा इथला अडथळा नाही. आपल्या काळ्या जमिनीतली चुनखडी लिंबाला किंवा गुलाबाला त्रास देते, या झाडाला ती मानवते. खोट आहे ती निचऱ्यात. वाफसा येण्याआधीच, म्हणजे जास्तीचं पाणी ओसरून माती मोकळी व्हायच्या आतच, वरून ठिबकचं पाणी सुरू झालं, मुळांचे पांढरे शेंडे कुजले, आणि कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. म्हणून झाड पाण्यात उभं असूनही तहानल्यासारखं दिसतं, माणूस आणखी पाणी देतो आणि झाड आणखी कुजतं.

तहान आणि कूज यांतला फरक ओळखता येतो. तहानलेलं झाड दुपारी मलूल होतं आणि सकाळी सावरलेलं दिसतं. त्याची पानं कोरडी होऊन चुरचुरीत गळतात. कुजणारं झाड सकाळीही मान टाकूनच असतं, पानं मऊ, पिवळी होऊन खालून वर गळत जातात. खात्री करायची तर बुंध्यापासून वीतभर अंतरावर खुरप्याने वीतभर खोल खणा. मातीचा गोळा मुठीत दाबा. तो चिकटून राहिला आणि बोटांना चिखल लागला तर पाणी द्यायचं कारणच नाही. माती नाकाशी धरा. आंबूस, गटारासारखा वास आला तर मुळं हवेविना आहेत.

आणखी एक गोष्ट तपासा, कारण आठपैकी तीनच झाडं का आजारी, याचं उत्तर बऱ्याचदा तिथे असतं. त्या तिघांपैकी सगळ्यांत वाईट दिसतं त्याच्या बुंध्याजवळची माती हळूच बाजूला करा. पिशवीतून आलेली हुंडी, म्हणजे मुळांभोवतीचा मातीचा गोळा, वेगळ्या रंगाची, गच्च, साबणाच्या वडीसारखी चिकण दिसते का? दूरवरून येणारी रोपं अशा चिकणमातीच्या हुंडीत भरतात, म्हणजे प्रवासात हुंडी फुटत नाही. पण ती तशीच्या तशी खड्ड्यात ठेवली की मुळं तिच्यातच गोल फिरत राहतात. बाहेरची माती सुकली तरी हुंडी ओली, आणि एकदा हुंडी कडक वाळली की वरून टाकलेलं पाणी कडेने निघून जातं. दोन्हीकडून नुकसान. बुंधा लावताना जास्त खोल गेला असेल आणि मातीखालची साल काळी, मऊ पडली असेल तर तेही कारण असतं. कुंपणाच्या भिंतीला लागून जागा सखल असेल आणि गच्चीचं पाणी तिथे उतरत असेल तर तीन झाडं नेमकी त्याच टोकाला असतील, बघा.

काय करायचं ते झाडाच्या अवस्थेवर आहे. नखाने फांदीची साल खरवडा. आत हिरवट ओलसर असेल तर फांदी जिवंत, तपकिरी कोरडी असेल तर मेली. बुंध्याजवळ खरवडूनही तपकिरीच लागलं तर ते झाड वाचवायच्या मागे लागू नका, काढून टाका. त्याच खड्ड्यात लगेच दुसरं लावू नका. माती वर काढून उन्हात चांगली तापू द्या.

जिवंत असेल तर उचलून पुन्हा लावायला आत्ताचा काळ बरा आहे: पाऊस सरलाय आणि थंडी कडक व्हायची आहे. हुंडीभोवतीने खणून झाड काढा. चिकणमाती असेल तर बोटांनी किंवा पाण्याच्या हलक्या धारेने निम्मीअधिक मोकळी करा, काळी बुळबुळीत मुळं कात्रीने छाटा, घट्ट पांढरी-तांबूस ठेवा. मूळ गेलं त्या मानाने वरच्या फांद्याही थोड्या कमी करा. खड्डा खोल करण्यापेक्षा उंचवटा करा, हा माझा काळ्या जमिनीतला ठाम आग्रह आहे. खोल खड्ड्यात मुरूम भरला तर भोवतालच्या काळ्या मातीतलं पाणी त्याच खड्ड्यात येऊन साचतं. त्याऐवजी जमिनीच्या वर फूट-दीड फूट उंच, चांगला रुंद वरंबा घाला: निम्मा मुरूम, उरलेली माती आणि थोडं पूर्ण कुजलेलं शेणखत. झाड त्यावर अशा बेताने बसवा की बुंधा आधी होता त्याहून जरासा वरच राहील. शेणखतात ट्रायकोडर्मा (कुजवणाऱ्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळून द्यायला हरकत नाही. बुरशीनाशक ओतून मात्र काही साधणार नाही, जोवर पाण्याला वाट नाही. लावल्यावर एकदा पाणी द्या, मग माती वीतभर खोल सुकेपर्यंत थांबा.

उरलेली पाच चांगली दिसतायत ना? त्यांना उपटू नका. त्यांच्याभोवतीचं आळं मोडा. आपल्या सवयीने आपण प्रत्येक झाडाला बशीसारखं आळं करतो. या झाडाला उलट हवं, बुंध्याकडून बाहेर उतार. कुंपणाच्या कडेने एक लहानसा चर काढून पाणी पुढे काढून दिलंत तर पुढचा सप्टेंबर निभावेल. आणि ही झाडं गुलाब-जास्वंदीच्या ठिबकच्या नळीवर असतील तर त्यांचे ड्रिपर बंद करून टाका. दोघांची तहान एका नळीवर भागत नाही.

पाण्याचं वेळापत्रक लोक मागतात, पण आकडा तुमची माती ठरवेल. अंदाज म्हणून सांगते: पहिलं वर्ष, मुरमाड उंचवट्यावर, हिवाळ्यात दहा-बारा दिवसांनी एकदा आणि एप्रिल-मेमध्ये आठवड्याला एकदा, पण दिलं की खोलवर मुरेल असं. रोजचा शिडकावा नको, त्याने मुळं वरच राहतात. दुसऱ्या वर्षापासून उन्हाळ्यात पंधरा-वीस दिवसांनी पुरतं. पावसाळ्यात वरून काहीही नाही, अगदी मोठा खंड पडला तरच. देण्याआधी खुरप्याने बघायची सवय ठेवा, वारावर जाऊ नका.

कुंडीत लावणाऱ्यांचं गणित वेगळं आहे. कुंडी लवकर सुकते, म्हणून उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदाही लागेल. पण मिश्रणात कोकोपीट कमी आणि जाड वाळू किंवा मुरूम जास्त हवा, आणि खाली ताटली नको. कोकणात किंवा गोव्यात कुणी हे वाचत असेल तर मी जमिनीत लावायचा सल्ला देणार नाही. अडीच-तीन हजार मिलिमीटर पावसात हे झाड जगवायचं म्हणजे कुंडी, आणि ती पावसाळाभर वळचणीखाली पण उजेडात. मराठवाडा, नगर, सोलापूर, विदर्भाचा कोरडा भाग, इथे ते खुशाल राहतं. चाळीसच्या वरचं ऊन त्याला बाधत नाही, आणि आपल्याकडची थंडी तर त्याच्या लेखी काहीच नाही.

ऊन मात्र पूर्ण हवं, दिवसाला किमान सहा तास. सावलीत पानं हिरवट पडतात, फांद्या लांबट, विरळ होतात आणि फुलं जवळजवळ बंद होतात. तुमच्या आठांपैकी एखादं कडुनिंबाखाली असेल तर या हलवाहलवीत त्यालाही उन्हात आणा. खताचा मोह टाळा. वर्षाला दोन ओंजळी शेणखत पावसाळ्याआधी, बस. युरिया दिलात तर झाड उंच, लुळं होईल.

छाटणीबद्दल मला जरा जास्त सांगायचंय, कारण कुंपणाला लावलंय म्हणजे माळी कातर घेऊन येणारच. त्याला मेंदी किंवा ड्युरांटासारखी सपाट, चौकोनी कातरणी करू देऊ नका. फुलं येतात ती शेंड्याकडच्या पानांच्या बेचक्यात. दर महिन्याला शेंडे उडवले तर बाहेरून जाड कवच तयार होतं, आत नुसत्या काड्या राहतात आणि फुलायला जागाच उरत नाही. वर्षातून एकदा, फेब्रुवारीअखेर, हाताच्या कात्रीने वेगवेगळ्या लांबीच्या फांद्या एक तृतीयांशपर्यंत मागे घ्या. काप प्रत्येक वेळी पान असलेल्या जागेच्या जरा वर. जुन्या, पान नसलेल्या लाकडात एकदम खोल गेलात तर तिथून फुटवा येईलच असा भरवसा नाही. म्हातारं झुडूप नवं करायचं असेल तर ते दोन-तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने करा. फुलांचा बहर ओसरल्यावर हलकं टोक खुडलं तर चालतं. पूर्ण वाढलेलं झुडूप पाच ते आठ फूट उंच आणि जवळपास तेवढंच रुंद होतं, तेव्हा दोन झाडांत चार-पाच फूट तरी अंतर हवं. दोन फुटांवर लावली असतील तर हीच वेळ आहे, उचलायच्या तिघांना वेगळी जागा द्या.

किडीचा त्रास फारसा होत नाही. उन्हाळ्यात कधी बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. पाण्याच्या जोरकस धारेने सकाळी धुवा, लागलंच तर नंतर निंबोळी तेल साबणाच्या पाण्यात मिसळून संध्याकाळी. लवदार पानांवर तेलाचा जाड थर बसू देऊ नका.

एखादं झाड गेलंच तर नवं विकत आणण्याआधी उरलेल्यांच्या छाटणीतून रोपं करून बघा. अर्धवट पिकलेली, पेन्सिलीहून बारीक, चार-पाच इंचाची काडी, खालची पानं काढून, मूळ फुटायच्या पावडरीत बुडवून, निव्वळ जाड वाळूत. ओल हलकीच ठेवायची. सगळ्या लागत नाहीत, म्हणून गरजेच्या दुप्पट लावा.

आणि रिकामी जागा याच झाडाने भरली पाहिजे असं काही नाही. तुमच्याच माळरानावरचा तरवड त्या कुंपणात छान दिसेल: पिवळीधमक फुलं, पाण्याची मागणी अशीच थोडी, आणि आपल्या फुलपाखरांच्या अळ्यांना खायला पाला. भारी जमीन तो या परदेशी झुडपापेक्षा बरी सोसतो. सखल टोकाला, जिथे पाणी थांबतंच, तिथे निरगुडी लावा. तिला ओढ्याकाठची ओल चालते.

ओळख पक्की करायची असेल तर चार फोटो पाठवा: पेरावरची पानं जवळून, पानाच्या दोन्ही बाजू, फूल उमललं की समोरून आत डोकावून, आणि पूर्ण झुडूप. सोबत खणलेल्या हुंडीचा एक. फूल आता लगेच येणार नाही. पण पानं आणि हुंडी उद्याही दिसतील, तेवढ्यावर पुढचं सांगता येईल.